घोंगडीतली सुरमई

गुंजवण्याचा गेनबा आपल्या सुनेशी दोन वर्षांत एक शब्द बोलला नव्हता. भांडण म्हणाल तर तसलं काही नव्हतं. सासऱ्याने सुनेशी थेट बोलायचं नाही आणि सुनेने सासऱ्यासमोर आवाज काढायचा नाही, ही त्या घरातली जुनी रीत. ती कोणी घातली हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणूनच बहुधा ती मोडायची कोणाची छाती नव्हती.

घरात माणसं तिघंच. गेनबा, त्याची बायको फुलाबाई आणि सून सगुणा. मुलगा जगन मुंबईला गिरणीत होता, वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचा. फुलाबाई घरात असली की सासऱ्या-सुनेचे निरोप तिच्या तोंडून जात. ती शेतात गेली की सगळा कारभार चंद्री म्हशीवर येऊन पडे. गेनबाला चहा हवा असला की तो गोठ्याच्या दाराशी उभा राहून म्हणे, "चंद्रे, डोस्कं लई दुखतंय बग." थोड्या वेळाने उंबऱ्यावर कप ठेवल्याचा आवाज होई, बांगड्या वाजत आणि पावलं परत फिरत. सगुणा म्हशीपुढे आमोण ठेवताना पुटपुटे, "चंद्रे, मीठ सरलं गं." दुसऱ्या दिवशी मीठ आलेलं असे. फुलाबाई निरोपात आपल्या पदरचं तिखटमीठ घाली. म्हैस तसलं काही करत नसे, त्यामुळे गेनबाला मनातून म्हैसच बरी वाटे.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, मागच्या भादव्यापर्यंत.

त्या दिवशी फुलाबाई भाताची बेणणी करायला, तण उपटायला खाचरात गेली होती. गेनबा ओसरीच्या पार टोकाला बसून अंबाडीच्या वाखाचं दावं वळत होता. सगुणा आत होती. तिला तिसरा महिना होता. दुपारी कधीतरी तिच्या पोटात दुखायला लागलं. ती माजघरात आडवी झाली आणि दिवे लागायच्या वेळेला फुलाबाई परत येईपर्यंत तशीच पडून राहिली. तोवर सगळं होऊन गेलं होतं. शेजारची भामाबाई धावत आली. गावातली बाळंतपणं तीच करायची. तिने सगुणाला विचारलं, "अगं, मग हाक का न्हाई मारलीस?"

"घरात मामंजीच हुते," सगुणा म्हणाली.

भिंतीपलीकडे गेनबाने हे तीन शब्द ऐकले. वेळेत हाक आली असती तर पोर राहिलं असतं की नाही, हे भामाबाईलाही सांगता येईना. पण ते तीन शब्द गेनबाच्या मनातून काही हलले नाहीत. तो ओसरीवर होता. पंधरा पावलांवर होता. त्या दुपारी त्याने दावं पुरं केलं होतं आणि चांगलं झालं म्हणून स्वतःवर खूशही झाला होता. पुढे ते दावं त्याने चंद्रीच्या गळ्यात कधी घातलं नाही.

आता १९७१ सालचा माघ चालू होता आणि सगुणाला पुन्हा दिवस गेले होते. चौथा महिना लागला तरी तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. भाताची पेज कशीबशी जायची, तीही दिवसाआड. फोडणीचा वास आला की ती परसात पळायची. तिच्या गळ्याची हाडं वर आली होती. वेल्ह्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, हिच्या पोटात काहीतरी जायला पाहिजे, नाहीतर मागच्यासारखंच होईल. भामाबाईनेही तेच सांगितलं, फक्त फी घेतली नाही.

त्यातच थोरल्या लेकीच्या बाळंतपणासाठी फुलाबाईला किकवीला जावं लागलं. जाताना तिने सून भामाबाईच्या हवाली केली आणि नवऱ्याला बजावलं, "ध्यान ठेवा." आता न बोलता, न बघता ध्यान कसं ठेवायचं ते तिने सांगितलं नाही. गेनबा कान लावून बसू लागला. म्हणूनच एका संध्याकाळी परसातलं बोलणं त्याला ऐकू आलं.

"कायतरी खावंसं वाटत आसंल की गं," भामाबाई विचारत होती.

"सुरमईचं कालवण," सगुणा म्हणाली. "आमसूल घालून, आई करायची तसं. पन हितं डोंगरात कुठली आलीय सुरमई? ऱ्हाऊ दे."

सगुणा मुंबईत वाढलेली. तिचा बाप धक्क्याजवळच्या एका कारखान्यात कामाला होता. परदेशी पाठवायची मासळी तिथे दगडासारखी गोठवत. गेनबाच्या गावी मासा म्हणजे ओढ्यातला मळ्या, फार तर एखादी वांब. समुद्रातली मासळी भोरच्या बाजारात सुकलेली तेवढी दिसायची.

दुसऱ्या दिवशी गेनबा शाळेत जाऊन मास्तरांसमोर बसला. जगनला पत्र लिहायचं होतं. पण सुनेचे डोहाळे सासऱ्याने सांगायचे कसे? घाम पुसत तो म्हणाला, "लिवा मास्तर, तुज्या बापाला सुरमई खावीशी वाटतीया. सासऱ्याला सांगून धाडून दे." मास्तरांनी टाक थांबवून त्याच्याकडे पाहिलं. गेनबा माशाच्या काट्याला भितो हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण मास्तर शहाणे होते, त्यांनी मुकाट्याने लिहिलं.

व्याह्यांनी जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलं म्हटल्यावर सगुणाच्या बापाने हात आखडता घेतला नाही. पंधरा दिवसांनी गावचा मानसिंग मुंबईहून सुट्टीवर आला. रात्रीच्या गाडीने पुणं आणि सकाळच्या एसटीने मार्गासनी. जगनच्या पत्राने कळल्यामुळे गेनबा तिथे आधीच जाऊन उभा होता. मानसिंगने टपावरून एक पत्र्याचा डबा उतरवला. त्याला बाहेरून गोणपाट गुंडाळलेलं होतं आणि आत लाकडाचा भुसा ठासलेला होता.

"काका, आजच्या आज शिजवा," मानसिंग म्हणाला. "गोठलेली हाय. सुटली का मग टिकायची न्हाई."

"सुटली म्हंजे?"

"म्हंजे... नरम पडली की," मानसिंग म्हणाला. यापलीकडे त्यालाही काही ठाऊक नव्हतं.

डबा डोक्यावर घेऊन गेनबा तीन कोस चालत घरी आला तेव्हा दुपार झाली होती. भामाबाई वेल्ह्याला बाजाराला गेलेली, चंद्री गुराख्याबरोबर चरायला गेलेली. घरात सगुणा एकटी, माजघराच्या दाराआड. त्याने नेहमीसारखं खाकरून आपण आल्याची वर्दी दिली आणि अंगणात डबा उपडा केला. भुशातून पाट्याएवढा पांढरा धोंडा बाहेर पडला. आत सुरमईच्या तुकड्या दिसत होत्या, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. गेनबाने बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. त्याने बर्फ आजवर भोरच्या जत्रेतल्या गोळ्यापुरता पाहिला होता. खिळा मारून पाहिला तर खिळा वाकडा झाला.

पण गेनबा काही हार जाणारा गडी नव्हता. गारठलेल्या जिवाचं काय करायचं हे त्याला चांगलं माहीत होतं. मागच्या पौषात शेळी पहाटे व्याली आणि करडू थंडीने काकडून ताठ झालं, तेव्हा त्याने ते घोंगडीत गुंडाळून पेंढ्यात ठेवलं होतं. घटकाभरात ते उड्या मारू लागलं होतं. तोच उपाय त्याने आत्ता केला. चांगली जाड, काळी घोंगडी आणली, सुरमईचा धोंडा तिच्यात मायेने गुंडाळला, कडा आत खोचल्या आणि ते बाड पेंढ्यात खोल सारलं. मग तंबाखू मळत ओसरीवर येऊन बसला.

दाराच्या फटीतून सगुणा हे बघत होती. तिच्या बांगड्या वाजल्या. गेनबाला वाटलं, पोरीला आनंद झाला. थोड्या वेळाने बांगड्या पुन्हा वाजल्या, जोरात. पोर उतावीळ झाली, तो मनाशी म्हणाला आणि गालात हसला.

तासाभराने त्याने घोंगडी उघडून पाहिली. धोंडा होता तसाच होता. थंडी हाडापर्यंत गेलेली दिसतेय, असं म्हणून त्याने वर एक गोधडी घातली. आणखी तासाभराने पाहिलं तरी तेच. आतून फक्त चार थेंब पाणी निघालं होतं. मग फुलाबाईची लग्नातली गोधडीही त्याने वर चढवली. आता एवढ्या पांघरुणात माणूस घामाघूम झाला असता. सुरमई मजेत होती.

सूर्य गावामागच्या गडाकडे कलला तसा गेनबाचा धीर सुटायला लागला. मानसिंगने आजच्या आज म्हणून सांगितलं होतं. पोरीने सकाळपासून पेजही घेतली नव्हती. ही मासळी नासली तर दुसरी कुठून आणणार? आणि पोटात काही न जाता आणखी आठ दिवस गेले तर? पुढचा विचार त्याला करवेना. तो उठला, अंगणात तीन दगडांची चूल मांडली आणि जाळ घातला. जत्रेत बकऱ्याचं कालवण करणाऱ्यांत त्याचं नाव होतं. एवढी मोठमोठी पातेली त्याने उतरवलेली, ही मासळी ती केवढीशी! जाळापुढे कोणाची थंडी टिकते? त्याने टोप चढवला, तेल ओतलं आणि ते धूर सोडीपर्यंत तापू दिलं. मग गोधड्या दूर सारून तो धोंडा दोन्ही हातांनी उचलला आणि टोपावर धरला.

"मामंजी, नगा!"

आवाज एवढा मोठा होता की गेनबाच्या हातातून धोंडा निसटला आणि चुलीच्या अलीकडे पडला.

"टाकू नगा! त्याल आंगावर उडंल! समदं त्वांड भाजंल तुमचं!"

सगुणा उंबऱ्याच्या बाहेर उभी होती. पदर खांद्यावर घसरलेला, एक हात पुढे केलेला. आपण काय केलं हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं आणि तिने पदर ओढून घेतला. पण बोललेलं काही परत घेता येत नव्हतं.

गेनबा उभाच राहिला. उत्तर तर द्यायला हवं होतं, पण कोणाला उद्देशून द्यायचं? सवयीने त्याने गोठ्याकडे पाहिलं. गोठा रिकामा होता. शेवटी त्याने पायाशी पडलेल्या सुरमईकडे बघत विचारलं, "मग हिचं करायचं तरी काय?"

पदराआडून हळूच आवाज आला, "गार पान्यात टाका."

"गार पान्यात?" गेनबा विसरून थेट तिच्याकडेच वळला. "अगं, ती आदीच गारठून मरायला टेकलीया!"

"ती मेलेलीच हाय, मामंजी," सगुणा म्हणाली.

गेनबाने सुरमईकडे पाहिलं, घोंगडीकडे पाहिलं, फुलाबाईच्या लग्नातल्या गोधडीकडे पाहिलं. आणि त्याला जे हसू फुटलं ते आवरेना. पदराआड सगुणाही हसत होती. दोन वर्षांत ते दोघं एका गोष्टीवर पहिल्यांदा हसत होते.

मग तिने सांगितलं. घोंगडी काही ऊब तयार करत नाही. करडाच्या अंगात स्वतःची ऊब असते, ती घोंगडी राखते. बर्फाच्या अंगात गारवा असतो, तर ती गारवा राखते. कारखान्यात बर्फ वितळू नये म्हणून तो गोणपाटात आणि भुशातच ठेवतात. "तुमी बांदायला लागला तवाच सांगनार हुते," ती म्हणाली. "पन सांगायचं कुनाला? चंद्री न्हवती." गेनबाला त्या वाजणाऱ्या बांगड्या आठवल्या.

त्याने घंगाळ विहिरीच्या पाण्याने भरलं आणि त्यात मासळी सोडली. पाणी एवढं गार पडलं की त्याची बोटं बधिर झाली. सगुणाने पाणी बदलायला सांगितलं, त्याने बदललं. ऊन पाणी ओतलं तर लवकर होईल की, असं त्याने सुचवून पाहिलं. त्यावर ती म्हणाली, "वरची शिजंल नि आतली तशीच ऱ्हाईल." तासाभरात, तिसऱ्या पाण्याला, कडेची एक तुकडी आपण होऊन सुटली. मग दुसरी. दुपारभर घोंगडीला जे जमलं नाही ते गार पाण्याने केलं, हे गेनबाला काही केल्या पटत नव्हतं. पण तुकड्या हातात होत्या, नरम आणि चंदेरी.

चुलीजवळ तिला येववत नव्हतं, म्हणून ती दारात बसून सांगत गेली आणि गेनबा करत गेला. आधी भात टाकला. तुकड्यांना मीठ आणि हळद लावली. लसूण-मिरची वाटून घेतली. सगुणाने आपल्या ट्रंकेतून आईने दिलेली आमसुलाची पुडी काढून उंबऱ्यावर ठेवली. फोडणी टाकताना गेनबाचा हात थांबला. हाच वास तिला सोसत नव्हता. त्याने मागे वळून पाहिलं. ती नाकाला पदर लावून बसली होती. मग तिने पदर जरा बाजूला केला, वास घेतला आणि तिथेच बसून राहिली.

ताट तिच्यापुढे ठेवल्यावर ती म्हणाली, "आदी तुमी घ्या. तुमी मागवलीया."

"म्या काट्याला भितो," गेनबा म्हणाला. "तुज्यासाठी मागवलीया."

एवढं बोलून तो तिच्याकडे पाठ करून ओसरीच्या पायरीवर बसला. जेवणाऱ्या सुनेकडे बघायचं नसतं, तेवढी रीत तरी राहू द्यावी असं त्याला वाटलं. पण कान मागेच होते. घास घेताना बांगड्या वाजत. एक घास, दोन, तीन. मग बांगड्या थांबल्या. आता ती परसाकडे पळणार, म्हणून गेनबाने डोळे मिटले. आयुष्यात त्याने देवाकडे फारसं काही मागितलं नव्हतं. त्या घटकेला त्याने एक घास पोटात राहू दे एवढंच मागितलं.

"मामंजी," मागून आवाज आला, "आनखी एक तुकडी घिऊ का?"

गेनबाने पाठमोऱ्यानेच मान हलवली. मग ती तिला अंधारात दिसली नसेल म्हणून घसा साफ करून म्हणाला, "घे की. समदी तुजीच हाय." डोळे पुसायला त्याने पटक्याचा शेव वापरला. धूर लागला म्हणून सांगायला चूल अजून पेटलेली होती, पण कोणी विचारलं नाही.

तिने ताट धुतलं, तरी तो तिथेच बसून होता. सहा महिने घशात अडकलेलं आता तोंडाशी आलं होतं.

"पोरी, त्या भादव्यात हाक का न्हाई मारलीस?"

सगुणा दारातच थांबली. "तुमाला कशी मारायची?"

"आज मारलीस की."

"आज तुमी भाजला असता."

"आन त्या दिशी तू मेली असतीस," गेनबा म्हणाला. त्याचा आवाज चढला आणि लगेच फुटला. "म्या हितंच हुतो, पोरी. दावं वळत हुतो. एक हाक मारली असतीस तर तुला पाटीवर घिऊन वेल्ह्याला गेलो असतो. मला काय कळायचं? म्या बसलो आपला वाख वळत."

सगुणा रडत होती. ती रडते हे त्याला कळत होतं आणि या वेळी तो उठून गेला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "इथनं म्होरं मारशील?"

"व्हय," ती म्हणाली.

तेवढ्यात भामाबाई डोक्यावर बाजाराची पाटी घेऊन अंगणात आली. मासळीचा वास आणि त्या दोघांचं बोलणं दोन्ही एकदमच तिच्यापर्यंत पोचलं, आणि ती पाटी उतरवायची विसरून तशीच उभी राहिली.

उरलेली सुरमई सगुणाने दुसऱ्या दिवशी सकाळी संपवली. त्यानंतर हळूहळू भात ठरू लागला, मग भाकरी. मासळीने ते झालं की दिवस भरत गेले म्हणून झालं, यावर भामाबाईचं आणि मास्तरांचं एकमत कधीच झालं नाही.

सात-आठ दिवसांनंतरची दुपार. फुलाबाई अजून किकवीलाच होती. गेनबा ओसरीच्या टोकाला, नेहमीच्या जागी, नवं दावं वळायला बसला होता. आतून हाक आली.

"मामंजी!"

गेनबा उठला तो पायात वाखाचा गुंता घेऊनच. ओसरीवर एकदा ठेचाळला, उंबऱ्याला अंगठा फोडून घेतला आणि माजघरात जाऊन उभा राहिला. त्याच्या छातीचा भाता चालला होता. सगुणा सुपात तांदूळ निवडत बसली होती.

"काय झालं? कुठं दुकतंय?"

"काय न्हाई," ती मान खाली घालून म्हणाली. "हाक पोचती का, बगत हुते."

गेनबाला रागवायचं होतं. अंगठ्यातून रक्त येत होतं आणि अर्ध्या दिवसाचं काम सुटून गेलं होतं.

"पोचती," तो म्हणाला.

मग तो बाहेर गेला, सुटलेला वाख गोळा केला आणि माजघराच्या दाराशी येऊन बसला.